नारळाला लागलेली समाधी

"पटणार नाही तुम्हाला. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर माझ्या तोंडाकडे बघत बसायला नको. ह्या पुण्यात, कोथरूडमध्ये, रविवारी सकाळी साडेदहा वाजता एका नारळाला समाधी लागली. आणि इंजिनियर लोक रांग लावून त्याच्या पाया पडले. मी तिथे होतो."

इस्पितळात मेंदूचा आलेख काढायच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक आहे, त्यावर बसून महिपतीमामा बोलत होते. मामा याच इस्पितळात चौतीस वर्षं वॉर्डबॉय होते. रिटायर झाले, तरी फिटच्या पेशंटांचा वार आला की डबा घेऊन हजर. बोलावलेलं कोणी नसतं. पण घरी त्यांच्या थापा ऐकायला कोणी उरलेलं नाही आणि इथे लोकांना नंबर लागेपर्यंत दोन-दोन तास काढायचे असतात, त्यामुळे दोघांचंही भागतं.

"नारळाला पाय कुठं असत्यात?" विश्रांतवाडीहून लेकीला घेऊन आलेल्या तुळजाबाई म्हणाल्या.

"तेच तर! नसताना पडले."

"काय मामा, काहीही!" पलीकडे बसलेले चांदभाई टेलर हसले. "इंजिनियर लोक?"

"इंजिनियरच. अडाणी माणसाने आधी नारळ कानाशी हलवून पाहिला असता, पाणी आहे का म्हणून. ऐका आता."

तर गोष्ट पाच वर्षांपूर्वीची, दोन हजार सहा सालची. कोथरूडमधलं एक मंगल कार्यालय. एरवी जिथे अंतरपाट धरतात त्या व्यासपीठावर मोठा पांढरा पडदा, एक लॅपटॉप, एक खुर्ची आणि कोपऱ्यात कलश. कलशावर शेंडीवाला नारळ. समोर दीडशे खुर्च्या गच्च भरलेल्या. हिंजवडीच्या एका कंपनीने कर्मचाऱ्यांचा ताण घालवायचा म्हणून तीन बसगाड्या लावल्या होत्या. आठवडाभर चौदा-चौदा तास राबवून घ्यायचं, आणि ताण आला म्हणून रविवारची झोप मोडून बसमध्ये कोंबून आणायचं. रविवार असूनही निम्म्या पोरांच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं. सवयीने घातलेलं, दुसरं काय.

व्यासपीठावर मेधानंद उभा. खाली जीन्स, वर पांढराशुभ्र कुर्ता, कानाला अडकवलेला माइक. दाढी इतकी नेटकी की न्हाव्याला वेगळी दक्षिणा देत असणार.

"फ्रेंड्स, हे रिलिजन नाही. हे प्युअर सायन्स आहे. आपण मेंदूचा फक्त दहा टक्के यूज करतो. उरलेला नव्वद टक्के कुठे असतो?"

उरलेला नव्वद टक्के समोर खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होता.

खुर्चीत एका पोराला बसवलं. त्याच्या डोक्याला एक काळा पट्टा बांधला, पट्ट्याची वायर लॅपटॉपकडे गेली. लॅपटॉपपाशी सुदर्शन नावाचा शिष्य बसला होता. पडद्यावर वेड्यावाकड्या रेघा धावू लागल्या, कोंबडीने अंगणात पाय उमटवावेत तशा.

"हा तुमचा मेंदू, फ्रेंड्स. डेडलाइन, ट्रॅफिक, होमलोन. आता बघा."

मेधानंदाने हात उचलला आणि हळूच त्या पोराच्या कपाळावर टेकवला. पडद्यावरच्या रेघा विरघळल्या. एकसारख्या, गोलसर लाटा वाहू लागल्या. खाली मोठ्या अक्षरांत उमटलं : समाधी.

सगळ्या हॉलच्या घशातून एकच सुस्कारा निघाला. पुढच्या रांगेत एक मॅनेजर चष्मा काढून डोळे पुसत होता. कोणाच्या तरी आईने बसल्या जागेवरून नमस्कार केला, पडद्याला.

तिसऱ्या रांगेत विजयमाला शेजवळ दात आवळून बसली होती. दातांत एक लवंग होती.

विजयमाला ह्या बाकामागच्या खोलीत बसायची, अजूनही बसते. तोवर सत्तावीस वर्षं तिने पुण्यातल्या लोकांच्या डोक्यांना लेप लावून तारा चिकटवल्या आणि मेंदूचे आलेख काढले. पूर्वी पेनं कागदावर खरडत चालायची, आता कॉम्प्युटर आला. एक गोष्ट मात्र तेव्हापासून बदलली नाही. हा दारावरचा बोर्ड वाचा : 'केस धुऊन कोरडे करून यावे. तेल लावून आल्यास परत पाठवले जाईल. कारण विचारू नये.' तरी दहातले चार जण तेल लावूनच येतात! डॉक्टरकडे जायचं म्हणजे माणूस कसा नीटनेटका दिसला पाहिजे, म्हणून घरची माणसं सकाळी उठून चापून-चोपून तेल लावतात, भांग पाडतात आणि आणून बसवतात. तेलावर तारा धरत नाहीत. रेघेऐवजी कचरा उमटतो. या एका तेलापायी विजयमालेने जितका आरडाओरडा केला असेल, तितका लग्नाच्या नवऱ्यावरही केला नाही.

आणि त्या रविवारी तिने स्वतःच्या डोक्यावर अर्धी वाटी खोबरेल ओतून, वर चपचपीत अंबाडा घालून, त्यात गजरा माळला होता.

कारण भाग्यश्री.

भाग्यश्री तिच्या यवतमाळच्या बहिणीची मुलगी. वय सव्वीस. हिंजवडीच्या त्याच कंपनीत नोकरी, मावशीकडे मुक्काम. काम काय, तर लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं. कशावरही विश्वास ठेवायचा नाही, याचा तिला पगार मिळायचा. बाविसाव्या वर्षी तिला पहिली फिट आली. डॉक्टर हेमा गुजरांनी गोळ्या चालू केल्या, आणि गेल्या दोन वर्षांत मोठी फिट आली नव्हती. अधूनमधून एक बारीकसं काहीतरी व्हायचं. आधी गूळ करपल्याचा वास यायचा. मग समोरचं सगळं, भिंत, पंखा, चहाचा कप, जन्मोजन्मीचं ओळखीचं वाटायचं. आतून उजेड झाल्यासारखा आनंद दाटून यायचा. पंधरा-वीस सेकंद, की संपलं.

हे तिने कंपनीतल्या आधीच्या शिबिरात मेधानंदाला सांगितलं. तो म्हणाला, "गुळाचा वास? ही तर सुगंधसिद्धी! लोक हिमालयात बारा वर्षं घालवतात हिच्यासाठी. आणि तू ती गोळीने दाबते आहेस?"

गोळ्या टाकल्याचं विजयमालेला कळलं ते यास्मिनकडून. यास्मिन भाग्यश्रीच्याच ऑफिसात, शेजारच्या टेबलावर. शनिवारी दुपारी ती गाडी दारात लावून थेट स्वयंपाकघरात आली.

"मावशी, ती माझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाही बहुतेक. पण सांगते. तिने गोळ्यांचं अख्खं पाकीट ऑफिसच्या डस्टबिनमध्ये टाकलं. आज नववा दिवस. आणि उद्या ती स्टेजवर बसणार आहे. सिद्ध साधिका म्हणून. अर्धा तास ते फास्ट ब्रीदिंग करणार आहे."

विजयमालेच्या हातातली उलथणी तशीच राहिली. जोरजोराने श्वास! इथे, ह्या खोलीत, लपलेली फिट पकडायची असली की ती पेशंटला तेच करायला लावते. तीन मिनिटं. मोजून तीन. शेजारी डॉक्टर उभे, सुई भरून ट्रेमध्ये ठेवलेली, आणि बोट घड्याळावर. तिथे गोळ्या सोडलेल्या पोरीला अर्धा तास, आणि शेजारी कोण, तर दीडशे इंजिनियर आणि एक नारळ!

संध्याकाळी भाग्यश्री घरी आली आणि जुंपली.

"मावशी, तू समजूनच नाही राहिली."

"मला काय समजायचं बाकी आहे? सत्तावीस वर्षं..."

"तुझ्या त्या खोलीत मी पेशंट आहे. घरी आईसाठी मी काळजी आहे. गोळी घेतली की ऑफिसात अकरा वाजता डोळे मिटतात आणि टीम लीड सगळ्यांसमोर म्हणतो, गुड नाइट भाग्यश्री. मेधानंदांकडे लोक मला ताई म्हणतात. माझ्याकडे बघून त्यांना बरं वाटतं. आणि मला जे होतं ते किती सुंदर असतं, तुला माहीत तरी आहे का? तो आनंद खोटा आहे का? सांग ना!"

 पोरगी खोटं बोलत नव्हती, हे विजयमालेला ठाऊक होतं.

"आनंद खरा आहे," ती म्हणाली. "त्यावर त्याने जी पाटी लावली आहे, ती खोटी. उद्या नको जाऊस."

"मी जाणार आहे. मी सव्वीस वर्षांची आहे, मावशी."

दार आपटलं. सज्ञान मुलीला काय खाटेला बांधून ठेवायचं? विजयमालेने डॉक्टरांनी घरी ठेवायला दिलेला नाकात मारायचा, फिट थांबवणारा फवारा पर्समध्ये टाकला, महिपतीमामांना फोन करून रिक्षासकट कार्यालयाच्या दाराशी बोलावलं, आणि सकाळी तेलाची बाटली काढली. पोरीसमोर ते यंत्र उघडं पाडायचं. चुका शोधणारी पोरगी आहे, डोळ्यांनी दिसलं तर उठेल.

तर आता मेधानंद विचारत होता, "कोणाला डाउट आहे? प्लीज या. सायन्स म्हणजे डाउट!"

विजयमाला उठली.

व्यासपीठावर एका बाजूला पांढरी साडी नेसून भाग्यश्री मांडी घालून बसली होती. मावशीला पाहून तिने मान फिरवली. सुदर्शनने काळा पट्टा विजयमालेच्या तेलकट डोक्यावर बसवला. तो दोनदा घसरला. तिसऱ्यांदा त्याने अंबाड्याला अडकवला. ना केस बाजूला केले, ना लेप लावला. विजयमालेला क्षणभर त्याची कीवच आली. तिच्या हाताखालचा असता तर पहिल्याच दिवशी रडवला असता.

मेधानंदाने कपाळावर हात ठेवला. लाटा. समाधी.

विजयमाला लवंग कराकरा चावू लागली. जबडा हलला की खऱ्या आलेखाचा पार विचका होतो, रेघ न् रेघ काळी होते. पडद्यावर खडकवासल्याचं पाणी पहाटेचं असावं तशी शांतता. तिने डोळे टक्क उघडले. पापण्या मिचकावल्या. लाटा तशाच.

"बघा, माताजी किती डीप गेल्या आहेत!"

"कुठे गेले? इथेच आहे मी," विजयमाला म्हणाली. "सतराचा पाढा म्हणते आहे. सतरा साते एकशे एकोणीस. सतरा आठे एकशे छत्तीस. आणि तोंडात लवंग आहे."

हॉलमध्ये खसखस पिकली. मेधानंद मात्र हसतमुख. अशी माणसं पडली तरी गादीवरच पडतात.

"व्हेरी गुड! पाढा म्हणतंय ते कॉन्शस माइंड. समाधीत आहे तो क्वांटम लेव्हलचा मेंदू. म्हणूनच तर मशीन लागतं, माताजी!"

टाळ्या! अहो, टाळ्या वाजवल्या लोकांनी. एक बाई धडधडीत जागी आहे, चावते आहे, पाढे म्हणते आहे, आणि यांना समाधी दिसते आहे. विजयमालेच्या मस्तकात तिडीक गेली. तिने पट्टा उपटला, चार पावलं टाकली आणि कोपऱ्यातल्या कलशावरच्या नारळाला, शेंडीखाली, घट्ट बसवला. तिच्या डोक्यापेक्षा त्या डोक्यावर तो जास्त चांगला बसला.

पडद्यावर लाटा. गोलसर, एकसारख्या. समाधी.

मागच्या रांगा उभ्या राहून बघू लागल्या.

"घ्या," विजयमाला म्हणाली. "ह्याला तीन डोळे, तिन्ही मिटलेले. ह्याची समाधी कोणी लावली? हाताने, की लॅपटॉपने?"

सुदर्शनचा चेहरा पांढरा पडला. संपलं, असं तिला वाटलं. बाकावर बसलेल्या तुम्हालाही वाटलं असेल.

"मग? पळाला असंल की त्यो," तुळजाबाई म्हणाल्या.

पळतो कशाला! मेधानंदाने दोन सेकंद घेतले. मग त्याने डोळे मिटले, दोन्ही हात पसरले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "फ्रेंड्स... हे मी आज सांगणार नव्हतो. श्रीफळ. आपले पूर्वज ह्याला देवापुढे का ठेवत होते? शेंडी कशाला? डोळे कशाला? त्यांना माहीत होतं. आज मशीनने प्रूव्ह केलं. नारळाला चेतना आहे!"

आणि पुढच्या रांगेतला तो मॅनेजर उठला, चष्मा सावरला, बूट काढले, व्यासपीठावर आला आणि कलशापुढे आडवा झाला. त्याच्या मागे त्याची टीम. मॅनेजर वाकला की टीमला वाकावंच लागतं. बघता बघता रांग लागली.

"झूट!" चांदभाई ओरडले. "हे नाही पटत, मामा. पढेलिखे लोक आहेत ते!"

पढेलिखेच. रात्रभर जागून चौदा हजार ओळींतून एक चुकलेलं चिन्ह शोधणारे! पण ते ऑफिसात. ऑफिसातून निघताना अक्कल संगणकाबरोबर बंद करून यायची, असा काही त्यांच्या कंपनीचा नियम असावा.

आणि भाग्यश्री? ती एकदा पडद्याकडे बघत होती, एकदा नारळाकडे. तिच्या कपाळावर ती आठी आली, जी प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की यायची. विजयमालेने ती पाहिली. तेवढ्यात दोन स्वयंसेवक आले. "मॅडम, निगेटिव्ह एनर्जी नको, प्लीज," करत तिला दंडाला धरून खाली उतरवलं. मेधानंदानेही ती आठी पाहिली होती. त्याने घाईघाईने पट्टा काढून भाग्यश्रीच्या डोक्यावर चढवला. "अग्निश्वास! सिद्ध ताई सुरुवात करतील. फास्ट! डीप! थांबायचं नाही!"

ढोलकी सुरू झाली. दीडशे माणसं आपल्याकडे बघत आहेत, पांढरी साडी नेसलेली आहे, नऊ दिवस सगळ्यांना सांगून झालेलं आहे. अशा वेळी उठून उभं राहणं सोपं नसतं. भाग्यश्री श्वास ओढू लागली.

"भाग्यश्री, थांब! नको!" विजयमाला ओरडली. ढोलकीत कोणाला ऐकू जाणार?

तिची नजर आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. एक मिनिट. दोन. अडीच मिनिटांना भाग्यश्रीची बोटं आखडली, अंगठा आत वळला, मनगट वाकलं.

"मुद्रा! बघा, आपोआप मुद्रा लागली!" मेधानंद किंचाळला. लोक उभे राहिले, मोबाइल वर काढले.

चौथ्या मिनिटाला भाग्यश्रीने नाक वर करून वास घेतल्यासारखं केलं. ती हसली. इतकी सुंदर हसली, की नारळासमोरची रांगही वळून बघू लागली. मग एक विचित्र आवाज करून ती आडवी कोसळली आणि सगळं अंग गदागदा हलू लागलं.

विजयमालेने स्वयंसेवकांना कसं ढकललं ते तिलाही आठवत नाही. ती व्यासपीठावर पोचली तेव्हा मेधानंद आडवा आला. "टच नको! महासमाधी आहे! तोडलीत तर जीव जाईल!"

"जीव जाईलच, गाढवा, तू बाजूला झाला नाहीस तर!"

तिने भाग्यश्रीला कुशीवर वळवलं. मानेखाली स्वतःचा पदर घडी करून ठेवला, गळ्याशी साडी सैल केली. कोणीतरी इंजिनियर बूट घेऊन धावत आला, "हुंगवा, हुंगवा!" दुसरा दातांत घालायला चमचा घेऊन. "एक बूट किंवा चमचा जवळ आणलात तर तुमच्याच तोंडात घालीन," ती म्हणाली आणि घड्याळ बघत राहिली. एक मिनिट. दोन. ओठ निळसर. साडेतीन. फिट थांबेना. यवतमाळच्या बहिणीला काय सांगायचं, एवढाच एक विचार डोक्यात ठोके देत होता. पाच मिनिटं होताच तिने फवाऱ्याचं टोक भाग्यश्रीच्या नाकपुडीत धरून मोजून दाबलं, मग दुसऱ्या नाकपुडीत.

आणि तेव्हा तिचं लक्ष पडद्याकडे गेलं.

पोरगी तडफडते आहे. पट्टा अजून तिच्या डोक्याला आहे. आणि वर पडद्यावर त्याच लाटा. गोलसर. एकसारख्या. समाधी.

"बघा!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की ढोलकीवाला थांबला. "वर बघा आणि खाली बघा! फिटमध्ये मेंदूत वीज कडकडत असते. माझ्या खोलीत असती तर पडदा काळा झाला असता. आणि ह्या लबाडाचं यंत्र सांगतंय की पोरगी शांत आहे! यास्मिन, बंद कर ते!"

यास्मिन खुर्च्यांमधून उठून लॅपटॉपपाशी पोचलीच होती. सुदर्शनने हात मध्ये घातला, तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं, त्याने हात काढला. तिने एक बटण दाबलं. पडदाभर वाहणाऱ्या लाटा आक्रसून एका चौकटीत गेल्या. खाली सिनेमाची असते तशी पट्टी, किती मिनिटं झाली आणि किती राहिली ते दाखवणारी. शेजारी तीन फाइली : एक चंचल, दोन शांत, तीन समाधी. मेधानंदाचा हात वर गेला, की सुदर्शनने पुढची फाइल चालू करायची. बस. एवढंच ते प्युअर सायन्स. यास्मिनने वायर ओढली. तिचं दुसरं टोक टेबलक्लॉथखालून मोकळंच बाहेर आलं. कशालाच जोडलेलं नव्हतं.

सहाव्या मिनिटाला भाग्यश्रीचं अंग सैल पडलं. तिने खोल, घोरल्यासारखा श्वास घेतला. महिपतीमामा रिक्षावाल्याला थांबवून धावत आत आले होते, ते तिच्या पायाशी बसून राहिले. मेधानंद? तो भटारखान्याच्या दाराने गेला. कानातला माइक तेवढा चालू राहिला होता, त्यामुळे "गाडी काढ, गाडी काढ," एवढं त्याचं शेवटचं प्रवचन सगळ्या हॉलने ऐकलं.

विजयमाला भाग्यश्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कोणीतरी तिच्यापुढे हातातला माइक धरला. 

"तुम्ही शिकलेली माणसं आहात, म्हणून तुमचा जास्त राग येतो मला. ऐका. डोळे मिटून स्वस्थ बसलात, की बहुतेक माणसांच्या मेंदूच्या रेघा आपोआप एका तालात येतात. तुमच्या, माझ्या, चोराच्यासुद्धा. त्याला कोणाचा हात लागत नाही, दोन पापण्या पुरतात. ध्यानाला बसा, माझं काही म्हणणं नाही, मीही रोज सकाळी दहा मिनिटं बसते, बरं वाटतं. पण वाढदिवसाचे फुगे फुगवताना चक्कर आलेली आठवते ना? हा अग्निश्वास तोच. जोरजोराने श्वास सोडलात की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडचा रक्ताचा पुरवठा आवळतो, ओठांना मुंग्या येतात, बोटं आखडतात. त्याला तुम्ही मुद्रा म्हणून फोटो काढलेत. आणि हिला जो उजेड दिसतो, तो तिला खरंच दिसतो. तिच्या कानशिलाच्या आत एवढ्याशा जागेत ठिणगी पडते म्हणून दिसतो. तीच ठिणगी पसरली की काय होतं, ते आत्ता बघितलंत. तुमच्यातल्या एकाने जरी नारळाच्या वेळी उठून, 'अहो, हे कसं शक्य आहे?' एवढे पाच शब्द म्हटले असते ना, तर ही पोरगी इथे पडली नसती. विचारायला लाज वाटली तुम्हाला. पाया पडायला वाटली नाही."

 मॅनेजर आपले बूट शोधत होता.

महिपतीमामांनी डब्याबरोबरच्या बाटलीतून पाण्याचा घोट घेतला.  तो नारळ विजयमालेने घरी नेला, त्याची चटणी केली, आणि ती चटणी खाऊन कोणाची काही समाधी लागली नाही, हेही मामांनी सांगून टाकलं.

"आन् त्या पोरीचं काय झालं?" तुळजाबाईंनी विचारलं. त्यांची लेक त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होती. तिचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

मामांनी त्या हाताकडे बघितलं. गोष्ट अशी कडू कशी सोडायची? त्यांचा आवाज मऊ झाला.

"तिचं सोनं झालं, बाई. त्या दिवशी जी फिट येऊन गेली, ती शेवटची. त्यानंतर एकदाही नाही. सगळं आतलं बाहेर पडलं म्हणायचं. दोन महिन्यांत गोळ्यासुद्धा सुटल्या. आज हत्तीसारखी ठणठणीत आहे."

"सुटत्यात व्हय गोळ्या?" तुळजाबाईंचे डोळे भरून आले. "म्हंजी हिच्याबी..."

"माशाल्ला," चांदभाई म्हणाले.

"खोटं!"

खोलीचं दार उघडं होतं. दारात एक तिशीची बाई उभी होती. केसांत जागोजागी पांढरा लेप, त्याने उभ्या राहिलेल्या बटा, खांद्यावर टॉवेल. मागे तारांचा झुबका हातात घेऊन विजयमालाबाई.

"धडधडीत खोटं, मामा," भाग्यश्री म्हणाली. "गेल्या गुरुवारी आली होती मला, कंपनीच्या बसमध्ये. दोन गोळ्या सकाळी, दोन रात्री, पाच वर्षं एकही चुकवलेली नाही. गोळ्यांआधी महिन्याला यायची, आता वर्षातून दोनदाच येते, ते त्या गोळ्यांमुळे. नारळाचं खरं आहे, मॅनेजरचं खरं आहे, तुमचा रिक्षावाला खरा आहे. हे शेवटचं खोटं आहे. आणि बाकावरचे तुम्ही हो? नारळावर सगळे अडलात. 'झूट झूट' म्हणून केवढ्याने ओरडलात, आतपर्यंत ऐकू आलं. इथे एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की दुखणं असं आपोआप कसं जाईल म्हणून?" ती बाकापाशी आली आणि तुळजाबाईंसमोर उकिडवी बसली. "मावशी, यांचं काही ऐकू नका. तुमच्या पिशवीत हिच्या गोळ्यांची डबी असेल, ती काढा बरं. दुपारची दिली का?"